गिअरचे दोन दात

भाऊजी,

परवा शेडमध्ये तुमची शोकसभा झाली. घरचे दिवस आपल्या पद्धतीनं आधीच उरकले होते, पण कारागीर ऐकेनात. म्हणाले, "भाभीजी, मिस्त्रीजी हमारे भी थे." मग त्यांनी यंत्रं बंद केली, जमीन पुसली, पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि तुमचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो मोठा करून खुर्चीवर ठेवला. तो पासपोर्ट तुम्ही एकदाही वापरला नाहीत. फोटोत तुम्ही असे दिसता, जणू काढणाऱ्याची माफीच मागताय.

आपले पंपवाले सेठीसाहेब आले होते. आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत, तरी नोएडाहून रिक्षा करून आले. कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली.

"दत्ता मिस्त्री जैसा ठंडा आदमी मैंने ज़िंदगी में नहीं देखा. बस एक बार गुस्सा आया, और ऐसा आया कि लेथ के गियर के दो दाँत तोड़ डाले! मेरी आँखों देखी बात है."

लोक हसले. शोकसभेत हसतात तसे, खाली बघून. गेली सोळा वर्षं मी ही गोष्ट ऐकते आहे. दिवाळीच्या मिठाईबरोबर ऐकली, नव्या यंत्राच्या पूजेला ऐकली. दर वेळी तुम्ही समोर असायचात आणि "हाँ जी, हो गया था" म्हणून मान हलवायचात. परवा मान हलवायला तुम्ही नव्हतात.

मग मी काय केलं ते सांगते, पण शेवटी. आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुमच्या जाण्याबद्दल नाही. त्यात कोणाशी घासाघीस करता येत नाही एवढं मला कळतं. माझं भांडण जुनं आहे आणि ते तुम्ही मिटवायला हवं होतंत.

हे मी आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या चार गोष्टी वाचणाऱ्यांसाठी सांगाव्या लागतील. तुम्ही कंटाळू नका.

सरकारी नोकराला स्वतःचा धंदा करता येत नाही. म्हणून कारखाना बायकोच्या नावावर काढायचा, ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आमच्या जिन्यावरच्या दोन घरांची रीत होती, आम्ही तिसरे. हे सकाळी कचेरीत जायचे, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे तुम्ही, गाझियाबादला शेड भाड्यानं घेऊन लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, चालवायचं असं ठरलं. तुम्ही सांगलीकडच्या कारखान्यातले पक्के टर्नर. मी फक्त सही करायची होती. पण सहीसाठी म्हणून शेडवर आले ती परत गेलेच नाही. मिरजेला बाबांच्या भांड्यांच्या दुकानात मी दहाव्या वर्षापासून गल्ल्याशेजारी बसलेली. तुम्ही माल आणायला गेलात की दुकानदार सांगेल तो भाव देऊन वर त्याला धन्यवाद म्हणून यायचात. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पिशवी मी उचलली.

लेथ घ्यायला आपण दोघं शमशादभाईंच्या भंगाराच्या आवारात गेलो होतो. कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लिलावात उचललेलं, विलायती, पट्ट्यावर चालणारं. तुम्ही त्याच्यावरून असा हात फिरवलात की मला घाम फुटला. घेणाऱ्यानं माल आवडल्याचं दाखवायचं नसतं. मग तुम्ही वाकून बघितलंत आणि माझ्या कानात म्हणालात, "वहिनी, चक गंजून बसलाय. सहज निघणार नाही."

चक म्हणजे लेथचा पंजा. तीन जबड्यांनी काम धरतो आणि फिरवतो. जुन्या लेथवर तो स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बाटलीच्या झाकणासारखा आट्यांनी बसतो. काम करताना कापण्याच्या जोरानं तो आणखी घट्ट होत जातो. वर्षानुवर्षं काढला नाही, तेल दिलं नाही, की तो आणि स्पिंडल एकच होऊन जातात.

मला तेवढंच हवं होतं. शमशादभाईंना म्हटलं, "ये मशीन नहीं, लाश है. इसकी तो गर्दन ही जाम है."

"बहनजी, लंदन का माल है."

"तो लंदन में ही रहने देते."

भंगाराच्या भावात पडलं ते. टेम्पोत मी खूश होते. नाक्यापर्यंत आल्यावर म्हणालात, "त्याच्यासमोर असं बोलायला नको होतं."

"कोणासमोर? शमशादभाईंसमोर? त्यांना सवय आहे."

"लेथसमोर."

मी इतकी हसले की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. तुम्ही हसला नाहीत.

त्या लेथवर आपण दोन वर्षं काढली. अडकलेला चक तसाच ठेवून त्यात बसतील ती लहान कामं करायची, बुश म्हणजे दांड्यावर बसणारी छोटी नळकांडी, पिना, स्कूटरचे सुटे भाग. काम नसलं की मी स्टुलावर बसून तुमचे हात बघायची. एके दिवशी तुम्ही काही न बोलता माझ्या हातात जाडी मोजायचा कॅलिपर दिलात. मग हत्यार कसं लावायचं ते दाखवलंत. "डोळ्यांनी नका बघू एवढं, वहिनी. कान ठेवा. आवाज बदलला की हात थांबवा." मी केलेला पहिला बुश तुम्ही खिडकीपाशी नेऊन चारही बाजूंनी मोजलात. मी बी.ए.चा निकाल बघतानाही इतकी घाबरले नव्हते. "चलो," तुम्ही म्हणालात, "हा विकता येईल."

भाऊजी, माझं कौतुक लोकांनी पुष्कळ केलं. बाई असून बाजार कसा गाजवते, म्हणून. "बाई असून" हे दोन शब्द नसलेलं कौतुक मला आयुष्यात एकदाच मिळालं, आणि ते हे.

मग नोएडात, वैशालीत फ्लॅट उभे राहायला लागले. शेतातून रस्ते निघाले, रस्त्यांच्या कडेला चार मजली इमारती निघाल्या, आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. पंपांना मागणी आली. पंपाच्या कारखान्यातले सेठीसाहेब झाकणं करून घ्यायला माणूस शोधत आपल्या शेडपाशी आले. ओतीव झाकण, जेवणाच्या ताटाएवढं रुंद. ते चकच्या जबड्यांत मावत नाही. चक काढून त्याच्या जागी सपाट फेसप्लेट चढवायची आणि झाकण तिच्यावर बोल्टांनी आवळायचं. ते फिरवायचंही सावकाश, आणि तो सावकाश वेग लेथच्या मागच्या गिअरमधून मिळतो. सेठीसाहेब म्हणाले, शनिवारी मशीन बघायला येतो, बघून ठरवू.

तुम्ही मंगळवारी चक काढायला घेतलात.

तुमची ती पद्धत! सकाळी रॉकेल आणि इंजिनाचं तेल मिसळून आट्यांच्या फटीत सोडायचं. मग चक थोडा शेकायचा. मग मागच्या बाजूला एका जबड्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि पट्टा हातानं उलटा खेचायचा. जबडा ठोकळ्यावर आपटायचा, ठक्. असं वीस वेळा. मग चहा. मग पुन्हा वीस वेळा.

बुधवारी मी म्हटलं, "हातोडा मारा ना एक."

"ओतीव बीड आहे, वहिनी. बीड वाकत नाही, तुटतं."

गुरुवारी म्हटलं, "समोरच्या शेडवाले गिअर अडकवून मारतात. मी पाहिलंय. दहा मिनिटांत काढतात."

"त्यांचे गिअर बघितलेत का?"

शुक्रवारी मी काही बोलले नाही. म्हणजे तुमच्याशी. शेजारच्या शेडमधल्या फोनवर सेठीसाहेब विचारत होते, "मैडम, मशीन तैयार है ना? नहीं तो मैं फरीदाबादवाले को बोल दूँ." मी म्हटलं, "बिल्कुल तैयार है." तुम्ही ते भिंतीपलीकडून ऐकलंत आणि पट्टा खेचत राहिलात. ठक्.

तुमचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला उशीर झाल्याची भीती कधी वाटायचीच नाही. ती सगळी भीती माझ्या वाट्याला यायची. ऑर्डर गेली तर भाडं कोणाला सांगायचं, ह्यांच्या पगारातून किती दिवस ओढायचं, गावाकडे काय तोंड दाखवायचं, हे सगळं मी डोक्यात घेऊन फिरायची, आणि तुम्ही वीस मोजून चहा प्यायचात.

शनिवारी दुपारी ठोकळा फुटला. तुम्ही म्हणालात, शिसवीचा तुकडा घेऊन येतो, आणि सायकल काढलीत. मी एकटी राहिले.

स्पिंडल कसा अडकवायचा हे मला ठाऊक होतं. पुली आणि गिअर जोडणारी पिन न काढता मागचा गिअर चढवला की दोन्ही एकमेकांना अडवतात आणि स्पिंडल जागचा हलत नाही. जबड्यांच्या मध्ये मी लोखंडी पट्टी आडवी धरून आवळली. ती माझ्याकडे हातभर बाहेर आली. खाली लेथच्या बेडवर फळी ठेवली, चक पडला तर बेडला चरा जाऊ नये म्हणून. बघा, तेवढं तुमच्याकडून शिकलेलं लक्षात होतं. मग पदर खोचला आणि मोठा हातोडा घेतला.

पहिला घाव पट्टीवरून सटकला. दुसऱ्याला हाताला झिणझिण्या आल्या. तिसऱ्याला एक आवाज झाला, बशी फुटल्यासारखा, आणि पट्टी खाली गेली. चक फिरला होता! मी हातोडा टाकला आणि दोन्ही हातांनी चक धरून फिरवला. जड, पण येत होता. एकेक आटा बाहेर येत होता, तेलकट, काळा, आणि मधूनच चकाकणारा. शेवटचा आटा सुटला आणि चक फळीवर बसला तेव्हा मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. मिरजेच्या बाजारात शिकलेला शब्द होता.

मग लेथखालच्या ट्रेमध्ये ते दोन तुकडे दिसले. करड्या रंगाचे, ताज्या तुटीचे, दाढेएवढे. मागच्या गिअरचे दोन दात.

म्हणजे चक निघाला होता, आणि ज्या सावकाश वेगासाठी सगळा खटाटोप चालला होता तो वेग गेला होता.

मी तुकडे हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात सेठीसाहेब आत आले. वेळेआधी. त्यांनी गिअर पाहिला, माझ्या हातातले तुकडे पाहिले. माझे तळवे काळे होते, पदराला ग्रीस होतं, हातोडा माझ्या पायाशी पडला होता. हे सगळं त्यांनी पाहिलं, भाऊजी, आणि तरी विचारलं, "ये किसने किया?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, मी सांगणार होते. माझ्यात हजार खोड्या असतील, पण केलेलं नाकारायची खोड नाही.

दारातून तुमचा आवाज आला. "मुझसे हुआ, साहब. गुस्सा आ गया था."

तुमच्या काखेत शिसवीचा ठोकळा होता.

"गुस्सा? तुम्हें?"

"हाँ जी."

मी म्हटलं, "नहीं सेठीसाहब, वो तो—"

आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "मैडम तो मशीन को हाथ भी नहीं लगातीं."

सेठीसाहेबांना ते लगेच पटलं. इतकं लगेच की मला तुमच्यापेक्षा त्यांचाच जास्त राग यायला हवा होता. त्यांनी तुम्हाला माझ्यासमोर झापलं. अनाड़ी म्हणाले, लोहार म्हणाले. तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. तुम्ही, ज्यांना सांगलीत वाकड्या स्पिंडलसाठी तीन-तीन कारखान्यांतून बोलावणं यायचं! शेवटी ते म्हणाले, गुरुवारपर्यंत गिअर ठीक करून नमुना दाखवा, नाहीतर राहू दे.

ते गेल्यावर आधी तुम्ही लेथपाशी गेलात. गिअरकडे नाही, स्पिंडलकडे. त्याच्या आट्यांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "आटे शाबूत आहेत."

मी वाट बघत होते. तुम्ही आणखी काही म्हणाला नाहीत. मग मी सुरू झाले.

"तुम्ही का मध्ये पडलात? मी विचारलं होतं का?"

"ऑर्डर गेली असती, वहिनी."

"गेली असती तर गेली असती!"

"मिस्त्री चुकला तर साहेब शिव्या देतो आणि मुदत देतो. मालकीण चुकली तर दुसरीकडे जातो."

बाजार मला कळतो, आणि हे शंभर टक्के बाजाराचं बोलणं होतं. तुमच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं, पुन्हाही ऐकलं नाही. मी आणखी मोठ्यानं ओरडले. समोरच्या शेडवाले बाहेर आले. तुम्ही चहा ठेवलात.

रविवार आणि सोमवार तुम्ही तो गिअर मांडीवर घेऊन बसलात. मोडलेल्या जागी भोकं पाडलीत, त्यात आटे पाडून पोलादी पिना बसवल्यात, आणि कानशीनं घासून त्या पिनांचे दात घडवलेत. शेजारचा दात बघायचा, दोनदा घासायचं, पुन्हा बघायचं. मी म्हटलं, "द्या इकडे, थोडं मी घासते. मोडले मी आहेत."

तुम्ही कानस बाजूला घेतलीत. "नको, वहिनी. सेठीला सांगून बसलोय."

मला वाटलं, गुरुवारपर्यंतची गोष्ट आहे.

गुरुवारी नमुना पास झाला. पुढच्या महिन्यात झाकणं यायला लागली ती वर्षानुवर्षं येत राहिली. त्या झाकणांवर आपला वैशालीतला फ्लॅट झाला, दुसरी शेड झाली, संगणकावर चालणारी ही दोन यंत्रं आली. तुमच्या त्या एका वाक्यावर हे सगळं उभं आहे हे मी जाणते. मी कृतघ्न नाही. आणि लगेच हेही लिहून देते, की तुमचं चार दिवसांचं रॉकेल आणि ठक् ठक् नसती तर माझे तीन घावच काय, तीनशे घाव पडले असते तरी तो चक हलला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला सांगितलं असतं, पण आधी तुम्ही काही म्हणायला हवं होतंत.

त्यानंतर तुम्ही मला लेथला हात लावू दिला नाहीत. एकदाही नाही. मी स्टुलावर बसले की तुम्ही काम उरकतं घ्यायचात. कॅलिपर तुमच्या खिशात गेला. मी विचारलं की, "सेठी कधीही येतो, वहिनी." वर्षभरानं विचारलं, "आता कामगार आहेत, बरं दिसत नाही." मग नवी यंत्रं आली. "आता काय करायचंय शिकून?" खोटं तुम्ही एकदा बोललात, भाऊजी, पण ते खरं ठेवायला सोळा वर्षं राबलात, आणि राबताना माझ्या हातातून ती एक गोष्ट काढून घेतलीत जी मी कोणाशीही घासाघीस न करता मिळवली होती.

आणि तुम्हालाही काय मिळालं? सेठीसाहेबांनी नाव ठेवलं, "हथौड़ेवाले". पुढे कामगारही पाठीमागे म्हणायला लागले. जो माणूस नटावरही पाना अलगद ठेवायचा त्याचं नाव हथौड़ेवाले. तुम्हाला ते लागत होतं. मी बघायची ना. कोणी म्हटलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. एकदा मी सेठीसाहेबांवर उखडले, "बस हो गया अब वो मज़ाक!" तर ते हसून म्हणाले, "भाभीजी को देवर की बड़ी चिंता है." तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत.

मी ठरवलं होतं, तुमच्या शेवटच्या दुखण्यात इस्पितळात बोलायचं. त्या मंगळवारी पेज घेऊन आले तेव्हा. वर यायच्या आधी खाली पार्किंगवाल्याशी वाजलं होतं. तुम्ही नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क सरकवून म्हणालात, "खाली भांडत होतात ना? तिसऱ्या मजल्यावर आवाज आला."

"चोर आहे तो."

"अच्छा. जिंकलात का?"

"अर्ध्यावर आणलं."

तुम्ही हसलात, मग खोकलात, मग तो खोकला थांबेना आणि नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून मी वाक्य जुळवलं होतं. "भाऊजी, त्या दिवशी चक निघाला तो कोणी काढला, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय." परत आत गेले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. बुधवारी तुम्ही कोणाला ओळखत नव्हतात. गुरुवारी संपलं.

आता परवाचं सांगते.

सेठीसाहेबांची गोष्ट संपली, लोक हसले, आणि मी उभी राहिले. हे शेजारी बसले होते, त्यांनी माझा पदर ओढला. त्यांना वाटलं मी रडणार आहे. मी म्हटलं, "सेठीसाहब, वो दाँत मैंने तोड़े थे. मिस्त्रीजी तो बाज़ार गए थे. हथौड़ा मैंने मारा था. उन्होंने मुझे बचाने के लिए झूठ बोला था."

मला वाटलं, सुटले. सोळा वर्षांनी का होईना.

सेठीसाहेब उठले. त्या गुडघ्यांनी, खुर्ची धरून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यापाशी येऊन त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देखा आपने? इसे कहते हैं परिवार. आदमी चला गया, और ये आज भी उसका दोष अपने सिर ले रही हैं."

कोणीतरी डोळे पुसले. कोणीतरी "वाह, भाभीजी" म्हणालं. मी म्हटलं, "अरे, मी खरं सांगते आहे!" मराठीतच म्हटलं, भान राहिलं नाही. मागच्या रांगेतल्या बायका येऊन मला धरून खाली बसवायला लागल्या. मी जितकी हात झटकत होते तितकी त्यांची माया वाढत होती. मग कोणीतरी भजन सुरू केलं.

घरी येताना गाडी पुलावर आल्यावर ह्यांनी विचारलं, "खरंच तू?"

"हो."

"मग आता कशाला काढलंस? दत्ताचं मोठेपण आहे त्यात. राहू दे ना त्याला."

सख्खा भाऊ गेलेला माणूस. त्यांना काय बोलू? आणि तुमचं मोठेपण मलाही नकोसं नाहीये. आहेच ते. पण तुमचं मोठेपण राहावं म्हणून मी मशीनला हात न लावणारी बाई होऊन राहायचं, हा सौदा कोणी केला? मी तर केला नाही. मी शमशादभाईंशी केला, सेठीशी केला, बँकेशी केला. माझे सौदे मी उभ्यानं करते. हा एकच असा झाला की मला विचारलंच नाही, आणि ज्यानं केला तो आता घासाघीस करायला बसणार नाही.

तेव्हा इथे, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत लिहून ठेवते. शनिवारची दुपार होती. शेडमध्ये मी एकटी होते. हातोडा माझ्या हातात होता. गिअरचे दोन दात मी मोडले. आणि तो चकही मीच काढला.

या वेळी मध्ये बोलू नका, भाऊजी.